हीथ्रोची तिसरी धावपट्टी : सही करावी की नाही?

टेम्सकाठी

मंडळी, एका सहीवरून घरात दोन तट पडलेत, म्हणून हा धागा.

आम्ही हाउन्स्लोत राहतो, म्हणजे हीथ्रोच्या पूर्वेला, विमानं उतरायच्या वाटेखाली. तिसऱ्या धावपट्टीविरुद्ध इथे एक निवेदन फिरतंय. बायको म्हणते, न वाचता सही कर. मुलगा म्हणतो, बाबा, गणपतीला मुंबई गाठता ती काय बैलगाडीने? मी मधल्यामधे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. २०२४ मध्ये तिथून ८.३९ कोटी प्रवाशांची ये-जा झाली. वर्षाला ४,८०,००० विमानांची मर्यादा आहे (चढणारी आणि उतरणारी धरून) आणि ती जवळपास भरलेलीच असते. जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी तिसऱ्या धावपट्टीला सरकारचा पाठिंबा जाहीर केला. नोव्हेंबरात विमानतळ कंपनीचा आराखडा पुढे न्यायचं ठरलं. वायव्येला ३,५०० मीटरची नवी धावपट्टी, एम-२५ महामार्ग तिच्याखालून बोगद्यात, वर्षाला साडेसात लाखांच्या वर विमानं आणि १५ कोटी प्रवासी. सगळ्याचा खर्च कंपनीच्याच अंदाजाने ४९ अब्ज पौंड, त्यातले २१ अब्ज नुसत्या धावपट्टीपायी. लाँगफर्ड हे गाव जाणार आणि हार्मंड्सवर्थचाही मोठा भाग.

तर प्रश्न असा : जो स्वतः विमानाने फिरतो त्याने अशा विस्ताराला हरकत घेणं दुटप्पीपणाचं आहे का? विमानतळाजवळ राहणाऱ्यांचे (कुठल्याही) अनुभव वाचायला आवडतील.

खवट_आजोबा

करा की सही. पुढच्या गणपतीला बोटीने या. अनंत चतुर्दशीपर्यंत पोचाल.

निमूट

वाचतोय.

गवतीचहा

टेम्सकाठी, मी तुमच्यापासून थोडी पूर्वेला, आयलवर्थला आहे. विमानाने फिरतो म्हणून बोलायचं नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. मी वीज वापरते म्हणून माझ्या खिडकीखाली औष्णिक केंद्र चालेल असं होत नाही ना?

इथला सगळा कारभार एका वाटणीवर चालतो, ते बाहेरच्यांना सांगायला हवं. वारा बहुतेक दिवस पश्चिमेचा. त्यामुळे विमानं लंडनवरून, आमच्या डोक्यावरून उतरतात. एक धावपट्टी उतरायला, दुसरी चढायला, आणि दुपारी ३ वाजता अदलाबदल. आज सकाळी आम्ही सोसतो, दुपारनंतर पलीकडचे. पुढच्या आठवड्यात उलट. इथले लोक कॅलेंडर बघून बागेत जेवण ठेवतात, खोटं वाटेल पण खरं आहे. तीन धावपट्ट्या झाल्या की ही वाटणी नव्याने होणार, आणि ज्या भागांवरून आजवर कधी विमान गेलं नाही तिथे एकदम सुरू होणार. नव्या वाटा नक्की कुठून जातील याचा नकाशा लोकांसमोर यायच्या आधीच पाठिंबा मागितला जातो, माझी मुख्य हरकत ही.

रात्रपाळी

आता दुसरी बाजू ऐका. मी हीथ्रोवर सामानाच्या विभागात आहे. हे गाव-गाव, शांतता-शांतता करणारे पुष्कळसे रिचमंड, विंडसरचे. मोठी बाग, दोन गाड्या, आणि हिवाळ्यात बर्फावर घसरायला आल्प्सला विमानानेच.

माझ्या पाळीत साउथॉल, हेज, स्लाउ, हाउन्स्लोची माणसं आहेत. पंजाबी, गुजराती, सोमाली, पोलिश, आणि आम्ही तीन मराठी. विमानतळाच्या आवारात सत्तर हजारांवर लोक कामाला आहेत. कोविडात विमानं थांबली तेव्हा हाउन्स्लोचं काय झालं ते टेम्सकाठींनी पाहिलं असेल. घरोघरी एकदम दोन-दोन पगार बंद. आकाश मात्र छान निळं होतं!

स्लाउच्या नगरपालिकेने मागच्या खेपेला विस्ताराला पाठिंबा दिला होता, तो उगाच नाही. तिथल्या लोकांना काम हवंय.

गवतीचहा

रात्रपाळी, रिचमंडबद्दलचा टोमणा मान्य. पण आवाज काही पगार विचारून येत नाही. हाउन्स्लो हीथच्या शिशुशाळेत मैदानावर मातीच्या पोत्यांचे घुमट बांधलेत, ठाऊक असेलच. विमान गेलं की बाई बोलायच्या थांबतात, म्हणून मुलांना बाहेर खेळताना ऐकू यावं यासाठी ते घुमट. ही मुलं कुणाची? तुमच्याच पाळीतल्यांची.

रात्रपाळी

माझीच धाकटी होती तिथे. तिला ते घुमट फार आवडायचे. पण मुद्दा पोचला.

पार्लेकर_जुना

आमच्याकडे विमानं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून जातात. लहानपणी गच्चीवर झोपलो की पोटाखालची अक्षरं वाचायचो. आवाजाबद्दल पार्ल्यात कुणी निवेदन काढल्याचं मला आठवत नाही. निवेदनं निघतात ती उंचीवरून! फनेल झोनमुळे (विमानांच्या वाटेखालचा पट्टा, तिथे इमारतींच्या उंचीला मर्यादा असते) मजले वाढवता येत नाहीत, त्यामुळे पुनर्विकास अडकलेला. शेजारच्या बिल्डिंगमधले काका विमानाला शिव्या देतात त्या आवाजासाठी नाही, चौथ्या मजल्यानंतरच्या मजल्यांसाठी.

खवट_आजोबा

पार्लेकर, म्हणजे विमानाने थोडं वरून जावं एवढीच माफक अपेक्षा.

हार्लिंग्टनची_मावशी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी विमानतळाच्या उत्तरेला बाथ रोडच्या पलीकडे राहते. सिप्सन चालत जाण्याच्या अंतरावर. टेम्सकाठींचा प्रश्न "आवाज की नोकरी" असा मांडला जातोय, म्हणून सगळं मुळापासून सांगते. लांबेल, पण इलाज नाही.

हीथ्रो हे मुळात एका वस्तीचं नाव होतं. रस्त्याच्या कडेने घरं, मळे, फळबागा. मिडलसेक्समधली उत्तम सुपीक माती, लंडनच्या बाजारात भाजी इथून जायची. १९४४ मध्ये लष्करी विमानतळ हवा असं सांगून युद्धकाळातल्या अधिकारांखाली ती जागा घेतली. त्यामुळे ना चौकशी, ना सुनावणी. घरं पाडली. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तिथून नागरी विमानं उडायला लागली. हवाई खात्याचे तेव्हाचे उपमंत्री हॅरोल्ड बाल्फोर यांनी पुढे आत्मचरित्रात कबूल केलं की हेतू पहिल्यापासून नागरी विमानतळाचाच होता आणि आपण मंत्रिमंडळालाही तसं कळू दिलं नाही. म्हणजे आरंभच असा.

मग बाथ रोड ओलांडून उत्तरेला पसरायचा बेत आला. त्यात सिप्सन आणि हार्लिंग्टन जाणार होते. १९५२ मध्ये तो सोडून दिला. लोकांनी घरांना रंग दिले, मुलंबाळं वाढवली.

चौथं टर्मिनल १९८६ साली उघडलं. त्याच्या मंजुरीच्या वेळी विमानांच्या संख्येवर मर्यादा घालायची भाषा झाली होती, ती टिकली नाही. मग पाचवं टर्मिनल. त्याची जाहीर चौकशी १९९५ ते १९९९ चालली, ५२४ दिवसांचं कामकाज. तेव्हा कंपनीने आसपासच्या रहिवाशांना सांगितलं होतं की पाचव्या टर्मिनलमुळे तिसरी धावपट्टी लागणार नाही. २००१ मध्ये मंजुरी मिळाली ती ४,८०,००० च्या अटीवर. ही जी मर्यादा टेम्सकाठींनी वर दिलीय ती आकाशातून पडलेली नाही, आम्हाला दिलेल्या शब्दाची ती किंमत होती. आणि २००३ मध्ये, म्हणजे पाचव्या टर्मिनलच्या भिंती उभ्या राहत असतानाच, सरकारच्या धोरणपत्रात तिसरी धावपट्टी आली!

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. जानेवारी २००९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने हिरवा कंदील दाखवला. इथले खासदार जॉन मॅक्डॉनल भर सभागृहात राजदंड उचलून बाकावर ठेवते झाले आणि निलंबित झाले. २०१० मध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला. २०१५ मध्ये सरकारनेच नेमलेल्या डेव्हिस आयोगाने पुन्हा तिसऱ्या धावपट्टीची शिफारस केली. २०१८ मध्ये संसदेत ४१५ विरुद्ध ११९ ने धोरण मंजूर. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं, हवामानबदलाच्या पॅरिस कराराचा विचार केला नाही म्हणून. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि आता २०२५.

आता सिप्सनला जाऊन बघा. विमानतळ कंपनीने गेल्या दोन दशकांत तिथली पुष्कळ घरं विकत घेतली आणि भाड्याने दिली. भाडेकरू येतात, वर्षा-दीड वर्षात जातात. त्यांचा दोष नाही. पण गावच्या सभेला यायला माणूस लागतो, तो उरला नाही. धावपट्टीची एक वीट रचली नाही तरी गाव अर्धं संपलंय.

म्हणून मी आवाजाचं बोलत नाही. खिडक्यांना दुहेरी काचा आहेत, कानाला सवय आहे. माझी हरकत एवढीच की ज्यांनी प्रत्येक वेळी "एवढंच, यापुढे नाही" म्हटलं त्यांच्या पुढच्या आश्वासनावर मी सही का करू?

निमूट

मावशी, दंडवत. हा स्वतंत्र लेख व्हावा.

बोरूबहाद्दर

राजदंडावरून आठवलं. बोरिस जॉन्सन यांनी २०१५ मध्ये जाहीर केलं होतं की मी बुलडोझरपुढे आडवा होईन. २०१८ च्या मतदानाला ते परराष्ट्रमंत्री होते आणि नेमके त्या दिवशी अफगाणिस्तानात! विरोधात मत द्यावं लागू नये म्हणून काबूल गाठणारा माणूस विरळा. त्यापेक्षा रिचमंडचे खासदार झॅक गोल्डस्मिथ बरे, २०१६ मध्ये त्यांनी धावपट्टीच्या निषेधार्थ खरंच खासदारकी सोडली. पोटनिवडणूक हरले हा भाग वेगळा.

खवट_आजोबा

आणि काबूलला गेले कशाने? विमानानेच. टेम्सकाठींच्या मुलाला सांगा.

उरणकर

मावशींचा प्रतिसाद दोनदा वाचला. नावं बदलली तर आमचीच गोष्ट.

सिडकोने नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी घेतल्या तेव्हा दर काय दिला ते सांगायला नको. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. ही काही कुणी प्रेमाने दिलेली नव्हती. विमानतळाच्या वेळी साडेबावीस टक्के ठरली, ती या मागच्या अनुभवामुळे. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, अशी दहा गावं उठली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदीचा प्रवाह फिरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि नाताळला पहिलं विमान उडालं.

मी सरसकट विरोधात नाही. माझा पुतण्या तिथे कामाला लागलाय. पण "गरजेपोटी बांधलेली घरं" (कुटुंबं वाढली म्हणून गावकऱ्यांनी परवानगीविना बांधलेली) हा विषय अजून लोंबकळतोच आहे. टर्मिनलच्या काचेचं कौतुक करणाऱ्याला हे शब्द माहीतच नसतात. म्हणून टेम्सकाठी, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : विरोध करा की नका करू, पण लोक काय मागतायत ते त्यांच्या तोंडून ऐका. बहुतेक वेळा मागणी "विमानतळ नको" एवढी साधी नसते.

सासवडी

उरणकर, आमच्याकडे मात्र ती तेवढीच साधी आहे. पुरंदरच्या सात गावांना (पारगाव, वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी) विमानतळच नको. अंजीर आणि सीताफळाच्या बागा आहेत, आणि दुष्काळी तालुक्यात पाणी आणून उभ्या केलेल्या आहेत. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी पोलीस आणि गावकऱ्यांत झटापट झाली ते पेपरात वाचलं असेल. पुण्याचा सध्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथे जागा अपुरी, हे मान्य. पण पुण्याच्या अपुऱ्या जागेचं उत्तर आमच्या बागेत का, हे कुणी आमच्या पारावर येऊन सांगितलं नाही.

असो, हीथ्रोचा धागा आहे. थांबतो.

आलेखवाला

भावना समजतात, पण जरा दुसऱ्या अंगानेही बघू. मी वाहतूक नियोजनात आहे (हीथ्रोशी संबंध नाही).

दोन धावपट्ट्यांवर इतकी विमानं म्हणजे ताणायला जागाच उरलेली नाही. थोडं धुकं पडलं की विमानं आकाशात घिरट्या घालतात, त्या घिरट्यांचा धूर आणि आवाज लंडनवरच. विमानं पूर्वीपेक्षा कमी आवाजाची झालीत हेही खरं. शिवाय २०१८ च्या धोरणात रात्री साडेसहा तास नियोजित उड्डाणांना बंदीची अट होती. सध्या रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळात वर्षाला ५,८०० विमानांना परवानगी आहे आणि पहाटे साडेचारपासून उतरायला सुरुवात होते. म्हणजे धावपट्टीबरोबर झोप वाढायची शक्यता आहे. शक्यता म्हणतोय.

हे वाढायचंच असेल तर गॅटविकला का नाही, असं कुणी विचारेल. गॅटविकच्या दुसऱ्या धावपट्टीला सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळालीच आहे. पण हीथ्रोला माणसं विमान बदलायला येतात. तशी जुळणी सगळी विमानं एका ठिकाणी आली तरच होते, दोन ठिकाणी वाटून होत नाही.

गवतीचहा

आलेखवाला, एकेक विमान शांत झालं हे बरोबर. पण विमानं दीडपट झाली तर दोन विमानांमधली शांतता कुठे राहिली? आवाजाची सरासरी काढणारा माणूस पहाटे पावणेपाचला जागा होत नाही, मी होते.

आणि विमान बदलणाऱ्यांबद्दल : जो माणूस लंडनला पायही ठेवत नाही त्याच्या सोयीसाठी हार्मंड्सवर्थ पाडायचं, हे त्या गावाला कसं समजावणार?

चिबाचा_चिमणा

जपानहून. टोकियोजवळच्या नारिता विमानतळाचा उल्लेख अजून झाला नाही हे आश्चर्य.

१९६६ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी सानरिझुका या शेतीच्या भागातली जागा ठरवली, शेतकऱ्यांना बातम्यांतून कळलं. पुढची बारा वर्षं मारामाऱ्या. माणसं मेली, पोलिसही आणि आंदोलकही. मार्च १९७८ मध्ये उद्घाटनाच्या तोंडावर आंदोलक नियंत्रण मनोऱ्यात घुसले आणि यंत्रं फोडली, त्यामुळे उद्घाटन मे महिन्यावर गेलं. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये झाली, तीही २,१८० मीटरची, कारण पुढे न विकलेली शेतं. मी पहिल्यांदा तिथे उतरलो तेव्हा विमान जमिनीवर वळसे घेत चाललं होतं आणि खिडकीतून कोबीचा वाफा दिसत होता!

पण सांगायचंय ते पुढे. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी या सगळ्याबद्दल माफी मागितली. त्याआधी सरकार आणि शेतकरी समोरासमोर बसले होते आणि यापुढे बळजबरीने जमीन घेणार नाही हे सरकारने मान्य केलं होतं. त्यानंतरच काही कुटुंबं बोलायला तयार झाली. तीस वर्षं आणि इतके जीव गेल्यावर सुचलं ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

रात्रपाळी

कोबीच्या वाफ्याला धावपट्टी अडते हे आमच्या साहेबांना सांगायला हवं.

अवांतर : २१ मार्च २०२५ ला हेजच्या वीज उपकेंद्राला आग लागून विमानतळ दिवसभर बंद होता, तेव्हा माझी सासू म्हणाली, आज घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतंय. आवाज नाही तर तिला दुपारची झोप येईना.

निमूट

रात्रपाळी, सासूबाईंची सही कुठल्या बाजूला?

रात्रपाळी

त्या म्हणतात, आधी भाड्याचं बोला.

बोरूबहाद्दर

मावशी, एक शंका. हार्मंड्सवर्थला तो जुना लाकडी कोठार आहे ना? आम्ही एका रविवारी बघितला होता. छताखाली उभं राहिलं की उलटी होडी डोक्यावर धरल्यासारखं वाटतं. त्याचं काय होणार?

हार्लिंग्टनची_मावशी

तोच, ग्रेट बार्न. १४२६ चा. कवी जॉन बेचमन त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हणायचे. आराखड्यात तो वाचतो, विमानतळाची हद्द त्याच्या अगदी जवळून जाते. म्हणजे धान्य नाही, शेत नाही, गावातली बरीच घरं नाहीत, आणि कोठार आहे. कोठार वाचवल्याचं कागदावर मात्र ठळक येईल.

मोबदला वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बाजारभावावर २५ टक्के जास्त आणि शिवाय कायदेशीर खर्च, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगतेय. तरुणांना ते परवडतंही. ऐंशीच्या घरातल्या बाईला त्या पैशात याच परिसरात घर मिळेलही. शेजार कुठून आणायचा?

टेम्सकाठी

सगळ्यांचे आभार. सुट्टीमुळे उत्तर द्यायला उशीर झाला.

दुटप्पीपणाचा माझा प्रश्न गवतीचहांनी पहिल्याच फेरीत निकालात काढला, मुलालाही वाचून दाखवला. आलेखवाल्यांची आकडेवारी बरोबर असणार, आणि रात्रपाळींचा राग तर मला आमच्याच गल्लीत रोज दिसतो. माझ्या मनात आता वेगळंच घोळतंय. "नको" वर सही करण्याऐवजी सरकार धोरणाच्या मसुद्यावर हरकती मागवील तेव्हा स्वतंत्र पत्र लिहावं. रात्रबंदी धोरणात नको, कायद्यात हवी. नव्या वाटांचे नकाशे मंजुरीच्या आधी हवेत. विमानांची कमाल संख्या लेखी हवी.

हार्लिंग्टनची_मावशी

चांगलं पत्र होईल. पण ४,८०,००० लेखीच आहे हो. मंजुरीची अटच आहे ती. तीच उठवायला तर निघालेत.

आलेखवाला

मावशी, इथे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मर्यादा घालणारा आणि उठवणारा एकच असेल तर कागदाचा उपयोग तेवढाच. निदान मर्यादा मोडली तर आपोआप दंड, आणि तो दंड थेट आजूबाजूच्या नगरपालिकांना, असं काही तरी हवं.

उरणकर

दंड नको, हिस्सा मागा. आमच्याकडे साडेबावीस टक्के जमिनीत मिळाले म्हणून आज हातात काही आहे. १५ कोटी प्रवासी येणार म्हणता ना? दर तिकिटामागे सिप्सन-हार्लिंग्टनला किती, ते विचारा. विमानं वाढली तर तुमचंही वाढेल. मग बघा मर्यादेबद्दल कंपनी किती बोलते ते.

रात्रपाळी

उरणकर, हे माझ्या युनियनच्या बैठकीत मांडतो. गंमत म्हणून नाही. आम्हालाही नव्या नोकऱ्यांचं नुसतं तोंडी आश्वासनच आहे, कंत्राटी किती आणि कायम किती ते कुणी सांगत नाही. मावशी आणि मी एकाच टेबलाच्या एकाच बाजूला बसू असं वाटलं नव्हतं.

हार्लिंग्टनची_मावशी

बसू की. चहा माझ्याकडे. पण सांगून ठेवते, हिस्सा मिळाला तरी मी सही विरोधाच्याच कागदावर करणार. मला घर विकायचं नाहीये.

टेम्सकाठी

मावशी, मग त्या कागदावर तुमच्या नावाखाली माझंही घाला. पत्र वेगळं लिहितोच. उरणकर, साडेबावीस टक्क्यांचा शासन निर्णय कुठे मिळाला तर व्यक्तिगत निरोपाने पाठवाल का? इंग्रजीत करून पत्राला जोडतो.

खवट_आजोबा

जोडा. आणि एक प्रत काबूललाही पाठवा.